सीलबंद साक्ष

मिरजेच्या आपटे लॅबमध्ये सुनीती मगदूम अकरा वर्षं रक्त काढत होती. हात इतका हलका की म्हातारी माणसं सुई निघाल्यावर विचारायची, "काढलंस काय गं? कळलंच न्हाई की!" रक्त बघून भिणारी बाई ती नव्हेच. म्हणून तर पुढच्या सव्वा वर्षात तिचं जे होऊन बसलं, ते तिच्या नवऱ्याला आणि मुलीला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.

झालं ते असं. रविवारी लॅब अकराला बंद व्हायची. त्या रविवारी डॉक्टर शशांक आपटे आधी निघाले आणि सुनीती मागे राहून दाराला कुलूप घालत होती. लॅब दुसऱ्या मजल्यावर. कुलपात किल्ली फिरते न फिरते तोच खालून जिन्यातून झटापट ऐकू आली, आणि पाठोपाठ डॉक्टरांचा आवाज, "अरे, ऐक तरी..."

ती सहा-सात पायऱ्या उतरली आणि तिथंच खिळली. जिना जिथं वळतो तिथं खिडकीखाली डॉक्टर भिंतीला टेकून घसरत होते आणि एक माणूस त्यांच्यावर वाकला होता. त्याच्या हातातला चाकू दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. मग त्या माणसानं मान वर करून सुनीतीकडे पाहिलं. क्षणभरच. आणि तो खाली पळाला.

ती धावत डॉक्टरांपाशी गेली. जखमेवर दोन्ही तळवे दाबून धरले. रक्त थांबेना. डॉक्टरांची मान एका बाजूला कलली तशी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि ती तिथंच त्यांच्या शेजारी कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा भोवती दुकानदारांची गर्दी होती. मग हवालदारानं विचारलं, तिनं सांगितलं. एसटीच्या वर्कशॉपमधून तिचा नवरा भरत धावत आला, त्याला सांगितलं. इन्स्पेक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेताना पुन्हा एकदा सांगितलं. दुपारी चारला पोलिसांच्या गाडीतून तिला कोल्हापूरला नेलं, साक्षस्मृती केंद्रात.

ही केंद्रं तेव्हा नवीन होती. कायदा होऊन चारच वर्षं झाली होती. खुनाच्या खटल्यात एक जण बोट दाखवतो, "हाच तो," आणि दुसरा म्हणतो, "मी नव्हेच." न्यायाधीशानं कुणाचं मानायचं? आजवर बहुतेक वेळा बोट दाखवणाऱ्याचं मानलं गेलं. त्याला खोटं बोलायचं कारण नसतं आणि आरोपीला असतं, असा साधा हिशेब. पण खोटं न बोलताही माणूस चुकतो, आणि अशा चुकीपायी कितीतरी निरपराध माणसं जन्मभर आत राहिली, हे जसजसं बाहेर आलं तसतसा डोळ्यांनी पाहणाऱ्यावरचा विश्वास डळमळू लागला. त्यावर हा उपाय निघाला होता. साक्षीदाराची आठवणच सीलबंद करायची.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर मृणाल घैसास साध्या शब्दांत बोलणाऱ्या बाई होत्या.

"घरी दही लावता ना?" त्यांनी सुनीतीला विचारलं.

"लावते."

"कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधात घालतो आपण. आठवण तशीच असते. दर वेळी तुम्ही ती आठवता, तेव्हा कालचं दही मोडतं आणि नव्यानं लागतं. मग त्या दिवसाच्या दुधाची चव त्यात उतरते. पोलिसांचा प्रश्न, पेपरातला फोटो, शेजारणीचं बोलणं, सगळं उतरतं. दोन वर्षांनी कोर्टात जे पोचतं, त्यात पहिल्या दिवसाचं किती उरलं, हे कुणीच सांगू शकत नाही."

"आणि तुम्ही काय करता?" भरतनं विचारलं.

"एखादी गोष्ट आठवताना मेंदूतल्या पेशींचे ठरावीक जोड काही तास सैल पडतात. मग नवी प्रथिनं तयार होऊन ते परत घट्ट होतात. आम्ही साक्षीदाराला घटना एकदा सांगायला लावतो. कुठले जोड सैल पडले ते यंत्रावर दिसतं. मग नाकातून एक औषध, डोक्याभोवती चुंबकीय लहरी, चाळीस मिनिटं. ते जोड घट्ट होतात ते कायमचे. पुढं हजार वेळा आठवलं तरी एक कण हलत नाही. फक्त पहिल्या झोपेच्या आत हे व्हायला हवं."

"निकाल लागला की काढता येतं न्हवं हे?"

घैसासबाई म्हणाल्या, "अजून तरी नाही. काम चालू आहे."

"आणि हिला जी भीती बसलीय, ती?"

"भीतीही त्याच जोडांत असते. ती बाजूला काढता येत नाही. ते आम्ही लिहून देतो, आणि वाचूनच सही घेतो."

भरत सुनीतीकडे बघत राहिला. तिच्या नखांच्या कडांत अजून रक्त होतं. ती म्हणाली, "माझा हात धरून शीर शोधायला शिकवलं त्यांनी. त्यांच्यासाठी एवढं करते मी." आणि तिनं सही केली. रात्री सव्वाआठला सील पूर्ण झालं.

दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी एकाला धरलं. यल्लाप्पा वडर, वय सव्वीस, रस्त्याच्या कामावर ब्रेकर मशीन चालवणारा. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो अकरा वाजून चोवीस मिनिटांनी इमारतीतून पळत बाहेर येताना दिसत होता. रविवारी तिथं भरगच्च बाजार असायचा. आतबाहेर करणारे पुष्कळ होते. पण यल्लाप्पाच्या घरी धुवायला टाकलेला शर्ट सापडला आणि त्यावरचं रक्त डॉक्टरांचं निघालं.

सहाव्या दिवशी ओळखपरेड झाली. एका रांगेत सात माणसं उभी. सुनीती दारातून आत आली, चौथ्या माणसापर्यंत पोचली आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटली की तहसीलदारांच्या हातातलं पेन खाली पडलं. तिला बोट दाखवायचीसुद्धा गरज पडली नाही.

तो चौथा माणूस, यल्लाप्पा, घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "ताई, म्या पाणी पाजलं तुमास्नी! सांगा की ह्यास्नी. म्या पाणी पाजलं!"

सुनीतीला पाणी आठवत नव्हतं. तिला चाकू आठवत होता आणि त्याच्यामागं हाच चेहरा. रुंद कपाळ, डाव्या भुवईतली खाच, नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब.

नंतरच्या दिवसांत तिला कळलं की आठवण मोहोरबंद होणं म्हणजे काय. माणसाचं दुःख शिळं होतं, म्हणून माणूस जगतो. बाप गेला तरी वर्षभरानं त्याच्या आठवणीवर साय धरते. सुनीतीची ती सकाळ रोज ताजी होती. जिना दिसला की ती सकाळ. कुणी मान वर करून बघितलं की ती सकाळ. छाती तशीच धडधडायची, तळवे तसेच ओले व्हायचे, अगदी त्याच मापानं. कमी नाही, जास्त नाही. पहिल्या महिन्यात तिनं लॅब सोडली. दुसऱ्या महिन्यात भरतनं तळमजल्यावरची जागा भाड्यानं घेतली. विळी, चाकू, सगळं त्यानं वर्कशॉपच्या पेटीत नेऊन ठेवलं. मुलगी श्रुतिका सहावीत होती, ती शाळेतून येताना चिरलेली भाजी घेऊन यायची आणि घरात शिरण्याआधी फाटकातूनच ओरडायची, "आई, मी आलेय, मीच आहे!" अकरा वर्षांच्या मुलीला आपल्याच घरात असं ओरडावं लागतंय, हे ऐकून सुनीतीला रडू यायचं.

एका गोष्टीचा मात्र आधार होता. तो आत होता. रात्री दाराला कडी घालताना भरत रोज म्हणायचा, "तो आत आहे गं. झोप."

चौदा महिन्यांनी खटला उभा राहिला. सरकारी वकील दिनकर खोत अनुभवी माणूस. त्यांनी सुनीतीला बसवून समजावलं, "काही काळजी करू नका. सीलबंद साक्ष खोडून काढता येत नाही. कायदाच तसा आहे. तुमची आठवण आरोपीच्या वकिलानं खोटी पाडून दाखवावी लागते. त्याच्या 'मी नव्हे'ला आता काडीचं वजन नाही."

यल्लाप्पाचं म्हणणं पहिल्यापासून एकच: आईचा रिपोर्ट न्यायला आलो, दोघं पडलेली दिसली, उचलायला गेलो, ताईंना बाटलीतलं पाणी पाजलं आणि घाबरून पळालो. त्याला वकील सरकारनंच दिला होता. रझिया मुजावर म्हणून तरुण मुलगी होती. तिनं सुनीतीला फार प्रश्न विचारले नाहीत.

"तुम्ही बेशुद्ध पडलात. शुद्धीवर कशा आलात?"

"आपोआप."

"पाणी कुणी मारलं? कुणी पाजलं?"

"कुणीच नाही."

"पंचनाम्यात लिहिलंय की तुमची ओढणी पुढून भिजलेली होती. रक्तानं नाही, पाण्यानं. ते पाणी कुठून आलं?"

पिंजऱ्यातून यल्लाप्पा सुनीतीकडे बघत होता म्हणून तिनं मान वळवली. खोतांनी उठून सांगितलं की गर्दीतल्या कुणीही पाणी मारलं असेल. न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर तिनं भरतला विचारलं, "मी सापडले तेव्हा ओढणी ओली होती माझी?"

"होती की. केसपण ओले होते. मला वाटलं, घाम असेल." तो जरा विचार करून म्हणाला, "दुकानदार म्हणत होते, ते आले तेव्हा तू उठून बसली होतीस."

सुनीती त्या दिवशी जेवली नाही. अकरा वर्षं तिनं एकच गोष्ट जपली होती: नमुना घेतला कधी आणि बाटलीला बूच लावलं कधी. मधल्या वेळात जे आत पडेल ते बुचाबरोबर आतच राहतं. मग तुम्ही तो नमुना कितीही थंड ठेवा, त्यावर लाखेचं सील ठोका; आत पडलेलं बाहेर येत नाही. तिच्या आठवणीला बूच लागलं रात्री सव्वाआठला. खून झाला सकाळी सव्वाअकराला. नऊ तास.

दुसऱ्या दिवशी भरत कामावर आणि श्रुतिका शाळेत गेल्यावर ती खुर्चीत बसली. खुर्चीचे हात घट्ट धरले. चौदा महिन्यांत जे तिनं एकदाही केलं नव्हतं ते करायचं तिनं ठरवलं. ती सकाळ आली की ती पळायची, उठायची, नळ सोडायची, श्रुतिकाला हाक मारायची. आज पळायचं नाही. आज बघायचं.

सकाळ आली. चाकू वर गेला. तिचे दात एकमेकांवर आपटायला लागले. चाकू खाली आला. चेहरा वर झाला. ती बघत राहिली. रुंद कपाळ, भुवईतली खाच, घामाचा थेंब. चेहऱ्यावर स्वच्छ उजेड पडला होता. आणि चेहऱ्याच्या मागं...

चेहऱ्याच्या मागं ट्यूबलाइट होती.

तिनं पुन्हा बघितलं. पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा बघितलं, आणि चारही वेळा ती ट्यूबलाइट तिथंच, एका टोकाला काळी पडलेली, छताला टांगलेली. सीलच असं होतं की एक कण हलणार नव्हता.

ती पायऱ्यांवर वर उभी होती. तो खाली वळणावर होता. तिनं खाली बघितलं होतं. खाली बघताना माणसाच्या मागं छत कसं दिसेल? छत दिसतं ते आडव्या पडलेल्या माणसाला, कुणीतरी त्याच्यावर वाकलं असताना.

संध्याकाळी भरत आला तेव्हा ती दारातच उभी होती. "मला त्या जिन्यात न्या."

"वेड लागलंय काय तुला?"

"आत्ता नको. उद्या सकाळी. सव्वाअकराला."

भरतनं खूप समजावलं, पण ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिला घेऊन गेला. लॅब केव्हाच बंद झाली होती. जिना झाडलेला नव्हता. पहिल्या मजल्यापर्यंत चढताना ती तीनदा बसली. ते वळण आलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि भरतनं तिला जवळजवळ उचलूनच पलीकडे नेलं. ती सातव्या पायरीवर उभी राहिली, कठड्याला दोन्ही हातांनी लटकून.

"आता तुम्ही खाली जा. खिडकीपाशी वाका. मग माझ्याकडे बघा."

भरत खाली गेला. वाकला. मान वर केली.

खिडकीतून सकाळचं ऊन झोतानं आत येत होतं. त्या उन्हापुढं भरतची नुसती आकृती उभी होती. खांदे होते, डोकं होतं, कान होते. तोंडाच्या जागी काळं.

"अहो," सुनीती म्हणाली. "तुमचा चेहरा दिसत नाही मला."

सतरा वर्षं ज्या चेहऱ्याशेजारी ती झोपत होती तो चेहरा तिला दिसत नव्हता. मग त्या दिवशी, क्षणभरात, अनोळखी माणसाच्या भुवईतली खाच कशी दिसली? तिनं काय पाहिलं होतं ते तिला तेव्हा कळलं. तिनं काळं पाहिलं होतं. नंतर जो चेहरा सगळ्यात आधी तिच्यावर वाकला, तिच्या तोंडाला बाटली लावायला, तो त्या काळ्या जागेवर जाऊन बसला. चार वेळा सांगताना तिथं पक्का झाला. आणि रात्री सरकारनं त्यावर मोहोर उठवली.

ती सरकारी वकिलांकडे गेली. खोतांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मगदूमबाई, अजूनही डोळे मिटल्यावर तोच दिसतो ना?"

"तोच दिसतो."

"मग तेवढंच कोर्टाला हवंय. तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत. पण आता उलटलात तर तुम्हाला फितूर म्हणतील. वडरांनी दम दिला म्हणतील. लोक काय वाटेल ते बोलतील." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि दुसरं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो नसेल, तर खरा बाहेर आहे. चौदा महिने तो निवांत आहे, कारण त्याच्या जागी दुसरा आत आहे. तुम्हाला तो ओळखतो. तुम्ही त्याला ओळखत नाही. याचा विचार केलात?"

तिनं तो विचार केला नव्हता. परतीच्या बसमध्ये केला. बसमध्ये चाळीस माणसं होती.

भरतनं तर हात जोडले. "खोत बरोबर बोलतायत. गप्प बस. जे दिसलं ते सांगितलंस, संपलं. श्रुतिकाकडं बघ."

"त्याची पण आई आहे की. तिचा रिपोर्ट न्यायला आला होता तो."

"मला त्याची आई माहीत नाही! मला माझी पोरगी माहीत आहे. उद्या कोण दारात येऊन उभा राहिला तर ओळखशील तू?"

"नाही."

"मग?"

"तो आत आहे म्हणून झोप म्हणता ना तुम्ही मला रोज?" सुनीती म्हणाली. "तो आत नाहीच आहे. पहिल्या दिवसापासून नाही. तुम्ही मला खोट्या कडीवर झोपवत होतात, आणि मी झोपत होते."

भरत उठून बाहेर गेला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पण तारखेच्या सकाळी तिनं साडी नेसून बाहेर बघितलं, तर तो गाडी पुसत उभा होता आणि श्रुतिकाला शेजारच्या मावशींकडं सोडून आला होता.

कोर्ट सुरू झालं तशी सुनीती प्रेक्षकांच्या बाकावरून उठून उभी राहिली. "बाईसाहेब, मला पुन्हा बोलायचंय." खोतांनी हरकत घेतली. रझिया मुजावरनं लगेच अर्ज दिला. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला आणि सुनीतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं.

तिनं ट्यूबलाइटचं सांगितलं. सातव्या पायरीचं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा दिसला नाही ते सांगितलं. मधेच शिपायानं तिला खुर्ची आणून दिली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आरोपीकडे बघा. आत्ता काय वाटतं?"

तिनं बघितलं. अंगावर सर्रकन काटा आला.

"भीती वाटते, बाईसाहेब. चाकू ह्याच्याच हातात दिसतो. मरेपर्यंत ह्याच्याच हातात दिसेल. त्याला आता इलाज नाही. पण हा नव्हता. मी चेहरा पाहिलाच नव्हता. मी जे सांगते ते धरा, मला जे दिसतं ते धरू नका."

यल्लाप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढचं सगळं महिनाभर चाललं. न्यायाधीशबाई स्वतः सव्वाअकराला त्या जिन्यात जाऊन सातव्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि शिपायाला खाली खिडकीपाशी वाकायला लावलं. केंद्रातून डॉक्टर घैसास आल्या. त्यांना विचारलं गेलं, सीलच्या आधीच आठवणीत भेसळ झाली असेल तर? त्या म्हणाल्या, "तर ती भेसळही आम्ही सीलबंद करतो. आम्ही झोपेचा हिशेब केला. झोपेआधी माणूस काय काय बघतो, किती वेळा सांगतो, याचा केला नाही. बेशुद्धीतून उठताना दिसलेला पहिला चेहरा किती खोल जातो, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं." त्या बोलताना सुनीतीकडे बघू शकल्या नाहीत. शर्टावरचे डाग पुन्हा तपासले गेले. चाकू चालवणाऱ्याच्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडतात. यल्लाप्पाच्या शर्टावर रक्ताळलेल्या माणसाला उचलल्याचे पुसट पट्टे होते. तपासणाऱ्यानं ते पहिल्याच अहवालात लिहिलं होतं. सीलबंद साक्षीदार असताना ते वाचायची कुणाला गरज पडली नव्हती.

यल्लाप्पा वडर निर्दोष सुटला. खऱ्या खुन्याचा तपास नव्यानं सुरू झाला, म्हणजे फाईल नव्या टेबलावर गेली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तोबा गर्दी होती. सुनीती आणि भरत कडेकडेनं फाटकाकडे निघाले असताना गर्दी फाकली आणि समोर यल्लाप्पा उभा राहिला. शेजारी त्याची आई, सुजलेल्या पायांची, त्याच्या दंडाला धरून.

सुनीती भरतच्या पाठीमागं गेली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. हा निरपराध आहे, आपल्यामुळं पंधरा महिने तुरुंगात होता, हे कळत होतं. तरी ती पुढं येऊ शकली नाही. भरतच्या शर्टाचं पाठीवरचं कापड तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

यल्लाप्पा दहा पावलांवर थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, तिच्या मुठीकडे बघितलं. आणि तो सावकाश वळून तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ताई," तो पाठमोराच म्हणाला, "असं बोललं तर चालंल न्हवं?"

सुनीती म्हणाली, "चालेल."

"लई राग आलता तुमचा. आतमंदी रोज शिव्या घालायचो तुमास्नी. आता ऐकलं, तुमी बी सुटला न्हाईसा म्हून. म्या हिकडं फिरकत न्हाई आता. तुमच्या वाटंला येणार न्हाई. मिरजंत बी आईला दुसऱ्या बाजूनं दवाखान्यात नेत जाईन."

"माझी चूक झाली," सुनीती म्हणाली.

त्याची आई मात्र तोंड फिरवून उभी नव्हती. ती सुनीतीकडे एकटक बघत होती. त्या नजरेत क्षमा नव्हती, आणि ती असावी असं सुनीतीलाही वाटलं नाही. म्हातारीनं लेकाचा दंड ओढला. दोघं तशीच, मागं न बघता, गर्दीत मिसळून गेली.

भरतनं तिचा हात धरला. "चल."

आवारात दोनेकशे माणसं असतील. वकील, पक्षकार, बघे, पानवाले. दोन दिवसांपासून सगळ्या पेपरांत छापून आलं होतं की एकमेव साक्षीदाराला खुन्याचा चेहरा आठवत नाही. सुनीती खाली मान घालून चालत होती. मग तिला वाटलं, खाली मान घालून काय उपयोग? तिनं मान वर केली. येणारा-जाणारा प्रत्येक चेहरा बघायला लागली. कुणी बघून न बघितल्यासारखं केलं, कुणी डोळ्याला डोळा दिला, कुणी हसलं.

फाटकाचं एक दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं. पांढऱ्या शर्टातल्या, पिकल्या मिशांच्या एका माणसानं ते हातानं धरून ठेवलं आणि दोघांना वाट करून दिली.

"या, ताई," तो म्हणाला. "सावकाश."

ती थांबली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मिशा, चष्मा, गालावर चामखीळ, काखेत फाईल. कुणी कारकून असेल, कुणाचा मामा असेल. तोही शांतपणे तिच्याकडे बघत राहिला. छातीत काहीच धडधडलं नाही. तळवे कोरडे होते. पहिल्यांदाच तिला कळलं की धडधडलं असतं तर बरं झालं असतं; खुनी हाच असला तरी तिला कळणार नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि भरतचा हात न सोडता त्या माणसाच्या अगदी जवळून, त्याच्याकडे पाठ करून, बाहेर रस्त्यावर आली.